साध्या घरातल्या बरण्या

अप्पांना उभ्या आयुष्यात लोकांनी पुष्कळ कामं सांगितली होती. पण ‘काहीही करू नका’ असं मात्र त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. ते पहिल्यांदा सांगितलं त्यांच्या सुनेने, आणि तेही हसतमुखाने, बरण्यांची दोन खोकी स्वयंपाकघरात उतरवून घेताना.

“अप्पा, ह्या बरण्या नुसत्या फळीवर असू द्यायच्या. घरात इतर वस्तू असतात तशा. बाकी काही नाही.”

बरण्या काचेच्या होत्या. आत सूर्यफुलाच्या तेलात बुडवलेल्या भाजलेल्या लाल ढोबळ्या मिरच्या, वर घट्ट झाकण आणि झाकणावर क्रमांक. सून अन्नपदार्थ तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती. टिकवून ठेवलेल्या पदार्थांमधलं व्हिटॅमिन ई मोजणं हे तिचं काम. एकाच दिवशी भरलेल्या ह्या बरण्यांपैकी निम्म्या प्रयोगशाळेच्या थंड, अंधाऱ्या कपाटात राहणार होत्या आणि निम्म्या एखाद्या साध्या घरात. उन्हाळा संपला की दोन्हींतलं व्हिटॅमिन मोजायचं आणि साध्या घरात ते किती कमी होतं ते बघायचं. साध्या घरासाठी तिने आधी सहकाऱ्यांना विचारलं होतं. एकाच्या घरी मांजर होतं, दुसऱ्याच्या घरी सासू होती, तिसऱ्याने कारण न सांगताच हात वर केले. शेवटी ती म्हणाली, माझंच घर आहे की.

ह्या कामावर तिचं बरंच काही अवलंबून होतं. लग्न होऊन आल्यापासून ती वर्षावर्षाच्या करारावर होती. अभ्यास नीट पार पडला तर कायम नोकरीची फाइल वर पाठवीन, असं तिच्या विभागप्रमुख मॅडमनी सांगितलं होतं. नाही पडला तर काय, हे त्यांनी सांगितलं नव्हतं, पण ते सगळ्यांना कळलं होतं.

आता अप्पा म्हणजे कुणी साधे निवृत्त गृहस्थ नव्हते. ते एका मोठ्या सरकारी रुग्णालयाचे भांडारपाल होते. त्यांच्या कारकिर्दीत भांडारातून साधी सेफ्टी पिनसुद्धा हरवली नाही, असं ते अभिमानाने सांगत. ती कुणाला मिळालीही नाही, असं त्यांचे जुने सहकारी सांगत. अशा माणसाच्या ताब्यात वस्तू द्यायच्या आणि वर काही करू नका म्हणायचं, हे पोहणाऱ्याला काठावर बसवून ठेवण्यासारखंच होतं.

“पण मला सांग,” अप्पांनी विचारलं, “ते व्हिटॅमिन बंद बरणीतून जातं कुठे?”

सुनेला असं कुणी विचारलं की ती हातातलं काम सोडून बसायची. तिने एक बरणी उजेडात धरली. “कुठे जात नाही, अप्पा. तेल खवट होऊ नये म्हणून ते स्वतः पुढे होतं आणि स्वतःच खर्च होतं. तेलावर ऊन आलं की खर्च, उष्णता आली की खर्च, हवा शिरली की खर्च.”

अप्पा थक्क झाले. एखादा पदार्थ इतक्या निष्ठेने वागतो हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ते इतक्या सोप्या शब्दांत सांगणारी मुलगी आपल्या घरात भाजी निवडते हेही त्यांना नव्याने जाणवलं.

“म्हणजे शत्रू तीन,” ते म्हणाले. “ऊन, उष्णता आणि हवा.”

“हो, शत्रूच. पण आपण त्यांना येऊ द्यायचं. त्यासाठीच तर बरण्या इथे आणल्यात.”

हे शेवटचं वाक्य अप्पांच्या कानांपर्यंत पोचलं, पण तिथून आत गेलं नाही. त्यांचं मन तेव्हाच मोर्चेबांधणीला निघून गेलं होतं.

दोनच दिवसांत सून परगावी गेली. नव्या यंत्राचं प्रशिक्षण होतं आणि ते सगळा उन्हाळाभर चालणार होतं. घरात उरले अप्पा, त्यांच्या पत्नी माई आणि चिरंजीव. चिरंजीव कारखान्यात पाळीला असत आणि घरी असले की झोपलेले असत, त्यामुळे पुढच्या घटनांबद्दल त्यांना जबाबदार धरण्यात अर्थ नाही.

सुनेने निवडलेली फळी खिडकीशेजारी होती. पहिल्याच दुपारी जेवून उठताना अप्पांनी पाहिलं, की उन्हाचा एक पट्टा भिंतीवरून सरकत सरकत पहिल्या बरणीच्या अंगावर निघाला आहे. ते तसेच, हात न धुता, खिडकी आणि फळी ह्यांच्यामध्ये जाऊन उभे राहिले.

“हे काय?” माईंनी विचारलं.

“सावली.”

“किती वेळ उभे राहणार?”

“ऊन जाईपर्यंत.”

आता कुणी म्हणेल, एवढं कशाला? पण सुनेची कायम नोकरी आपल्या डोळ्यांदेखत उन्हात सुकत असताना हातावर हात ठेवून बसणारा सासरा निराळा. दुसऱ्या दिवशी खिडकीला पडदा आला.

पडदा लागला की शेजारी येतातच. तळमजल्यावर टेलरमास्तरांचं दुकान होतं. ते वर आले, पडदा दोन बोटांत धरून बघितला आणि तोंड वाकडं केलं.

“अप्पा, ह्यातून सगळं दिसतंय. हा पडदा म्हणजे उजेडाला नुसती विनंती आहे. तुम्ही प्रत्येक बरणीला स्वतंत्र कपडा करा. काळं अस्तर आहे माझ्याकडे.”

त्यांनी गळ्यातली टेप काढून बरण्यांची मापं घेतली. खांदा नाही म्हणून जरा वेळ विचारात पडले. “अंगाबरोबर ठेवू की थोडं सैल?” त्यांनी विचारलं. अप्पा म्हणाले, “उन्हाळा आहे. सैलच बरं.” चार दिवसांनी सगळ्या बरण्यांना काळे, गुंड्यांचे अंगरखे आले. काम असं सुबक होतं, की माईंनीसुद्धा नावं ठेवण्यासाठी उचललेला अंगरखा मुकाट्याने खाली ठेवला.

ऊन हटलं, आता उष्णता. वरच्या मजल्यावर एक नर्स राहत. सगळी इमारत त्यांना सिस्टर म्हणायची. त्यांनी लस नेण्याची एक जुनी थंड पेटी आणून दिली. “बाळांची लस ह्यात दिवस दिवस राहते, मग मिरचीने काय घोडं मारलंय?” त्या म्हणाल्या. पेटी लहान होती, म्हणून बरण्या तिच्यात पाळीपाळीने जाऊ लागल्या, आणि बाकीच्यांभोवती अप्पांनी ओली गोणपाटं बांधून समोर पंखा लावला. पंखा खोलीतला एकुलता एक होता. स्वयंपाकघरात चूल पेटते म्हणून बरण्या एव्हाना अप्पा-माईंच्या खोलीत आल्या होत्या. समोरच्या घरातल्या बस-ड्रायव्हरनी बरण्यांना धक्के बसू नयेत असा मुद्दा काढला. त्यांच्या गाडीत लोकांचं दूध नासायचं म्हणे. तेव्हा बरण्यांच्या खाली अप्पांची गादी गेली, आणि अप्पा-माई बाहेरच्या खोलीत चटईवर आले.

“लग्न झाल्यापासून,” माई चटईवरून अंधाराला उद्देशून म्हणाल्या, “एवढा वारा मला कधी घातला नाहीत.”

“तुझ्यात व्हिटॅमिन मोजायचं नाहीये,” अप्पा म्हणाले, आणि त्यानंतर दोन दिवस त्यांना चहा स्वतः करून घ्यावा लागला. त्या दोन दिवसांत, मेणबत्ती हाताशी होतीच, म्हणून त्यांनी झाकणांच्या कडांना मेण लावून हवेचाही बंदोबस्त केला.

सुनेचा फोन यायचा.

“अप्पा, बरण्या कशा आहेत?”

“मजेत.”

“काही केलं नाहीत ना?”

“छे! काही म्हणजे काही नाही.”

हे खोटं नव्हतं. भांडारपालाच्या हिशेबी वस्तू देणं म्हणजे काहीतरी करणं. जपून ठेवणं ही त्याची नुसती बसण्याची पद्धत असते.

मग दुपारची वीज जाऊ लागली. पंखा थांबला, गोणपाटं सुकली आणि अप्पा छत्री घेऊन वीज कार्यालयात गेले. खिडकीपलीकडच्या कारकुनाने वर न बघता विचारलं, “तक्रार काय?”

“तक्रार नाही, विनंती आहे. आमच्या गल्लीची वीज दुपारी बंद करू नये.”

“घरात कुणी आजारी आहे?”

“नाही.”

“ऑक्सिजनचं यंत्र वगैरे?”

“ऑक्सिजन तर आम्हाला मुळीच नको आहे,” अप्पा कळवळून म्हणाले. “त्याच्यापासूनच तर सांभाळतोय.”

कारकुनाने आता वर बघितलं आणि त्यांना आतल्या अभियंत्याकडे पाठवलं. अभियंत्याने सगळं ऐकून घेतलं. “म्हणजे तुमच्या मिरच्यांसाठी मी सगळ्या गल्लीला वीज देऊ?”

“गल्लीची हरकत नाही. मी विचारून आलोय.”

बरण्या जीवनावश्यक आहेत असा प्रयोगशाळेचा दाखला आणा, असं ठरलं. अप्पा भर उन्हात प्रयोगशाळेत गेले. तिथल्या कार्यालयातला कारकून म्हणाला, “बरण्या इथून गेल्या म्हणजे त्या बाहेरच्या झाल्या. बाहेरच्या वस्तूंना आम्ही दाखला देत नाही.” अप्पांना राग यायला हवा होता, पण त्यांना मनातून त्या माणसाचं कौतुकच वाटलं. नोकरीत असते तर त्यांनी स्वतः शब्द न् शब्द हेच उत्तर दिलं असतं. दाखला न घेताच ते परतले, आणि दुपारभर पुठ्ठ्याने वारा घालण्याचं काम आलटूनपालटून त्यांच्याकडे आणि चिरंजिवांकडे आलं. चिरंजीव वारा घालता घालताही झोपू शकतात हे तेव्हा कळलं.

खरा प्रसंग आला तो साडूंमुळे. साडू जेवायला आले होते. हात धुवायला म्हणून आत गेले आणि बराच वेळ बाहेर येईनात. अप्पा बघायला गेले तर साडूंनी एका बरणीच्या गुंड्या सोडल्या होत्या.

“अहो, बरणीला शर्ट घातलाय!” साडू हसत म्हणाले. “आणि आत काय माल आहे! एवढं लपवून ठेवता होय? बघू, ताटात दोन मिरच्या पडू देत.” आणि त्यांनी झाकणावर हात ठेवला.

अप्पांच्या तोंडून असा आवाज निघाला, की खाली टेलरमास्तरांचं मशीन थांबलं. साडूंनी बरणी ठेवली, जेवण ठेवलं आणि चपला घातल्या. जाताना म्हणाले, “मिरचीच्या दोन फोडींसाठी माझा एवढा अपमान कुणी केला नव्हता.” माईंची पाठची बहीण त्या घरची, तेव्हा पुढे काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको.

पण अप्पा त्या संध्याकाळी बोलणी ऐकत असताना दुसराच विचार करत होते. सगळा साठा एका खोलीत ठेवणं ही चूक होती. एक साडू आला आणि एवढं झालं, उद्या आणखी कुणी आला तर? म्हणून सकाळी त्यांनी निम्म्या बरण्या शेजारच्या तिन्ही घरांत वाटून दिल्या. काही टेलरमास्तरांकडे, काही ड्रायव्हरवहिनींकडे, काही सिस्टरकडे. तिघांनाही त्यांनी तिन्ही शत्रूंची नीट ओळख करून दिली. डोळ्यांत तेल घालून राखण करू, असं तिघांनीही सांगितलं. टेलरमास्तरांनी तर छातीवर हात ठेवला.

उन्हाळा संपला. सून परस्पर प्रयोगशाळेत उतरली आणि तिथूनच तिने फोन केला, की बरण्या पाठवा. पाठवा कशाला, अप्पा स्वतः निघाले. शेजाऱ्यांकडच्या बरण्या स्वच्छ पुसून परत आल्या होत्या. अंगरखे उतरवले, मेण खरवडलं आणि सगळ्या बरण्या गोधडीत गुंडाळून टॅक्सीत ठेवल्या. थंड पेटी अप्पांच्या मांडीवर होती.

“सावकाश चालवा,” ते टॅक्सीवाल्याला म्हणाले.

“आत काय, काचसामान?”

“सुनेची नोकरी आहे.” त्यानंतर टॅक्सीवाल्याने एकूण एक खड्डा चुकवला.

त्या दिवशी अप्पांनी आपल्या सुनेला काम करताना पहिल्यांदा पाहिलं. मॅडमनी परवानगी दिली, म्हणून ते काचेच्या दाराबाहेर स्टुलावर बसले होते. आतले दिवे मंद, पिवळट होते आणि खिडक्यांना काळे कागद लावलेले होते. बघून अप्पांना गहिवरून आलं. म्हणजे आपलं काही चुकलं नव्हतं! मग सुनेने पहिली बरणी उघडली आणि मिरच्या, तेल, सगळं यंत्रात घालून त्याचा गाळ केला. अप्पांच्या तोंडून “अगं!” निघून गेलं. उन्हाळाभर जिवापाड जपलेली वस्तू तिने बघता बघता वाटून टाकली होती.

पण पुढे ते बघतच राहिले. तिने त्यातलं चिमूटभर काट्यावर तोललं. श्वास लागून काटा हलू नये म्हणून मान बाजूला वळवून ती आकडा स्थिर होईपर्यंत थांबली. मग ते चंबूत घालून चंबूला चांदीच्या कागदात गुंडाळलं, क्षार घालून तापवलं, म्हणजे तेल फुटतं आणि व्हिटॅमिन मोकळं होतं. दुसऱ्या द्रवात घालून हलवलं, थर वेगळे होऊ दिले, खालचा सोडून दिला, वरचा ठेवला. शेवटी त्यातलं थेंबभर यंत्रात गेलं आणि पडद्यावर एक सुळका उभा राहिला. हे सगळं प्रत्येक बरणीसाठी तिने दोनदा केलं. दोन आकडे जुळले नाहीत तिथे तिसऱ्यांदा केलं. तिच्या हातांत घाई नव्हती आणि शंकाही नव्हती. घरी हीच मुलगी दुधावर लक्ष ठेवायचं विसरते, हे अप्पांना खरं वाटेना. आपण जन्मभर वस्तू सांभाळल्या, पण वस्तूच्या आत काय आहे हे कधी बघितलं नाही, असं त्यांना वाटून गेलं. त्यांचा ऊर भरून आला, आणि ते कुणाला तरी सांगावं म्हणून त्यांनी शेजारून जाणाऱ्या शिपायाला सांगितलं, “ती आमची सून.”

काही दिवसांनी सून घरी आली ती पडलेल्या चेहऱ्याने. जेवणाच्या टेबलाशी बसली आणि पाणीही प्यायली नाही.

“आकडे जुळत नाहीत,” ती म्हणाली. “घरच्या बरण्यांपैकी निम्म्यांत व्हिटॅमिन जसंच्या तसं आहे. आमच्या थंड कपाटातल्यांपेक्षाही जास्त. आमच्या कपाटातल्या दिव्याचं बटण बिघडलंय, तो बंदच होत नाही, ते ठीक. पण उरलेल्या निम्म्यांत ते पार घसरलंय, आणि तेही प्रत्येकीत वेगळं. एका फळीवरच्या बरण्यांचं असं होतच नाही. मी सगळं पुन्हा केलं. तेच आलं. मॅडमना वाटतंय, यंत्र नवीन आणि हातही नवीन, माझ्याच हातून काहीतरी चुकलंय.”

अप्पांनी ह्यातलं फक्त ‘थंड कपाटातल्यांपेक्षाही जास्त’ एवढंच ऐकलं. त्यांच्या चेहऱ्यावर अशी काही झळाळी आली, की माईंनी पुढचं ओळखून डोळे मिटून घेतले.

“चुकलं? अगं, चुकेल कसं!” अप्पा उठले, आत गेले आणि काळ्या अंगरख्यांचा गठ्ठा घेऊन आले. एकेक अंगरखा त्यांनी टेबलावर मांडला. पडदा सांगितला, थंड पेटी सांगितली, गोणपाटं, पंखा, गादी, मेण, वीज कार्यालय, सगळं क्रमाने सांगितलं. साडूंचा भाग त्यांनी थोडक्यात उरकला, तो माईंनी सविस्तर सांगितला.

सून एका अंगरख्याची गुंडी उघडत आणि लावत राहिली. मग हलकेच म्हणाली, “अप्पा, मला साधं घर हवं होतं.”

“हे साधंच घर आहे.”

“नाही. हा किल्ला आहे. लोक मिरचीची बरणी घरी नेऊन नुसती ठेवतात. तसं ठेवल्यावर किती उरतं, तेच मोजायचं होतं. ते आता कळणारच नाही. पुन्हा एवढ्या बरण्या नाहीत, आणि उन्हाळाही नाही.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. अप्पांना समजलं, आणि समजल्यावर त्यांना खुर्चीत बसवेना. ज्या पोरीसाठी जमिनीवर झोपलो तिचीच वाट आपण लावली, हे त्यांच्या मनाला लागलं. माईंनीही त्यांना काही बोल लावला नाही, त्यावरून प्रसंग किती वाईट होता ते कळावं.

“पण ज्या घसरल्या,” अप्पा चाचरत म्हणाले, “त्या माझ्याकडे नव्हत्या. त्या शेजारी होत्या.”

सून ताडकन उठली. “शेजारी म्हणजे? कुणाकडे?”

भांडारपालाच्या डोक्यात क्रमांक पक्के असतात. ते सांगेपर्यंत सून चपला घालून दारात उभी होती.

टेलरमास्तरांनी छातीवर पुन्हा हात ठेवला. “अंधारात होत्या. अगदी काळोखात.” सून दुकानाच्या दर्शनी काचेकडे बघत होती. तिथल्या मखमलीचा रंग उन्हाने उडाला होता, फक्त बरण्यांच्या बुडाएवढे गोल तेवढे गडद राहिले होते. “म्हणजे काय झालं,” मास्तर खालच्या आवाजात म्हणाले, “लाल रंग फार खुलून दिसायचा हो. गिऱ्हाईक थांबायचं.” अंगरख्यांचं काय केलं, हे अप्पांनी विचारलं नाही. मास्तरांच्या नव्या बंडीच्या खिशांचं अस्तर काळं होतं.

ड्रायव्हरवहिनींच्या घरी बरण्या चुलीच्या बरोबर वरच्या फळीवर होत्या. “पोरांचा हात पोचत नाही अशी घरात तेवढी एकच जागा आहे, ताई,” त्या म्हणाल्या. “तुमच्या सासऱ्यांनी उष्णतेचं सांगितलं होतं, पण उष्णतेने बरणी फुटत नाही, पोरांनी फुटते.” सिस्टरनी लगेच कबुली दिली. थंड पेटी अप्पांकडे, म्हणून बरण्या फ्रिजच्या माथ्यावर ठेवल्या, आणि फ्रिजचा माथा तापतो हे पुढे उन्हाळाभर लक्षातच आलं नाही.

सून प्रत्येकाचं ऐकत होती, जागा बघत होती, खिडकी कोणत्या बाजूला ते विचारत होती. तिचा चेहरा हळूहळू उजळत गेला. शेवटच्या जिन्यावर ती हसायलाच लागली. “अप्पा,” ती म्हणाली, “ही खरी घरं आहेत!”

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या खोलीत अप्पाही होते. कोणती बरणी कुणाकडे होती हे सांगायला साक्षीदार म्हणून सुनेने त्यांना आणलं होतं. अप्पांनी लग्नासाठी शिवलेला कोट घातला होता आणि ते खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते.

मॅडमनी आकडे पुन्हा पुन्हा बघितले. “हे चांगलं आहे,” त्या शेवटी म्हणाल्या. “एक घर घेऊन आपण चूकच केली होती. खिडकीतली बरणी, चुलीवरची बरणी, फ्रिजवरची बरणी. लोक असंच ठेवतात. आणि तुझे दोन्ही वेळचे आकडे इतके जवळ आहेत, की हात चुकला असं म्हणायची सोय नाही. मी म्हटलं होतं ते मागे घेते.” मग त्यांनी पेन उचललं. “फक्त ह्या तुझ्या सासऱ्यांच्या बरण्या वगळू. त्यांनी सगळं चित्र बिघडतंय. समितीपुढे हे गेलं तर लोक हसतील, आणि तुझी फाइल त्याच समितीपुढे आहे.”

अप्पांनी लगेच मान डोलावली. वगळाच, असं ते म्हणणारही होते. पोरीची नोकरी होत असेल तर त्या बरण्या विहिरीत टाकायलाही ते तयार होते.

“नको, मॅडम,” सून म्हणाली.

“सासरे आहेत म्हणून?”

“नाही. आकडा खोटा नाही म्हणून. तो दोनदा मोजलाय. चित्रात बसत नाही एवढ्यासाठी खरा आकडा खोडायचा नाही, हे मी तुमच्याकडेच शिकले. समिती हसली तर हसू दे.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं नाही. “अगं, पण आपला विषय घर आहे. बरण्यांना कपडे शिवून, त्यांना पंखा लावून माणसं जमिनीवर झोपतात, असं घर कुठे असतं का?”

“असतं,” सून म्हणाली. “मी राहते त्यात.”

अप्पा कोटाच्या बाहीकडे बघत राहिले.

मॅडम सुनेकडे बघत होत्या. त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला. “ठीक आहे, राहू देत,” त्या म्हणाल्या. “फाइल आजच वर पाठवते. हसायचं असेल त्यांनी माझ्यासमोर हसावं.” त्यांनी आकड्यांचा कागद पुढे ओढला. “पण इथे ठेवण्याची पद्धत लिहायची आहे. बाकीच्यांपुढे खिडकीत, चुलीवर, फ्रिजवर असं आहे. ह्यांच्यापुढे काय लिहू?”

सुनेने अप्पांकडे पाहिलं.

“‘सांभाळल्या’ असं लिहा,” ती म्हणाली.

मॅडमनी तसंच लिहिलं.